छंद : वरीलप्रमाणे

“वाचन, प्रवास, समाजसेवा. लिहा आणि सोडा माझा पिच्छा!” लिफ्टच्या दिशेने चालता चालता तोफसाहेब गरजले.

“शेवटचं कुठलं पुस्तक वाचलंत, साहेब?” परिचयबाईंनी मागून विचारलं. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात पेन, आणि गुडघा ठणकत असूनही त्या काही मागे पडत नव्हत्या.

“ते हे आपलं... अहो, वाचायला वेळ कुठे मिळतो!”

“मग वाचन कसं लिहू?”

लिफ्टचं दार बंद झालं. आतल्या दोघातिघांचं हसू तेवढं बाहेर आलं.

परिचयबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सभागृहाच्या ग्रंथालयात त्या तेहतीस वर्षं कारकून होत्या, आणि दर निवडणुकीनंतर निघणारी ‘सदस्य परिचय’ ही पुस्तिका त्यांच्या हातून तयार व्हायची, म्हणून हे नाव पडलं. सदस्याचा जन्म, शिक्षण, पत्ता, भूषवलेली पदं, आणि अगदी तळाशी छंद. ही पुस्तिका एरवी कुणी उघडत नसे. तिचा उपयोग सदस्याला एकदाच व्हायचा, तोही त्याच्या पश्चात. सदस्य वारला की सभापती शोकप्रस्ताव वाचत, आणि त्यातला मजकूर या पुस्तिकेतून जसाच्या तसा उतरवलेला असे.

पंधरा वर्षांपूर्वी पुस्तिका तक्त्याच्या रूपात निघायची. छंदाच्या रकान्यात जो तो तेच तीन शब्द लिहून देई. टाइप करून करून बाईंची बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी पहिल्या सदस्यापुढे ‘वाचन, प्रवास, समाजसेवा’ लिहिलं आणि खाली सगळ्यांना ‘वरीलप्रमाणे’ ठोकून दिलं. त्याच वर्षी मागच्या बाकावरचे मास्तर गेले. राजकारणात येण्याआधी ते शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. शोकप्रस्ताव करणाऱ्याने डोळे मिटून उतरवलं, सभापतींनी डोळे मिटून वाचलं : “दिवंगत सदस्यांना वरीलप्रमाणे छंद होते.”

मागच्या बाकांवर कुणीतरी खो खो हसलं, आणि बघता बघता सगळं सभागृह हसलं. वर गॅलरीत मास्तरांची बायको बसली होती. काय झालं ते तिला कळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही थोडंसं हसली.

ते हसू परिचयबाईंच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक सदस्याला स्वतः गाठायला सुरुवात केली. छंद खरा असेल तरच छापायचा, नाहीतर रेघ. एका मंत्र्याने कबूल केलं की तो घरी एकटाच दोन्ही बाजूंनी कॅरम खेळतो आणि स्वतःशी भांडतो. एका आजीबाई सदस्या आपली स्कूटर स्वतः खोलून पुन्हा जोडत. सगळे कधी ना कधी बोलते झाले. एकटे तोफसाहेब तेवढे हाती लागेनात. सभागृहात विधेयकं टराटरा फाडणारा, माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारा हा माणूस छंदाचा विषय निघाला की पळ काढायचा. गेल्या दोन्ही आवृत्त्यांत त्यांच्या नावापुढे रेघ होती.

“तिसऱ्यांदा मारा की रेघ,” ग्रंथपाल म्हणाले. “छापखान्यातून दोनदा फोन आला. पाचला मशीन सुरू करणार म्हणतात.”

“यानंतरची आवृत्ती माझी नाही, साहेब. महिनाअखेर मी घरी.”

“म्हणूनच सांगतोय, जाता जाता कशाला ओढवून घेता? आज सकाळीच एक विधेयक फाडलंय त्यांनी. तुम्हालाही फाडून खातील.”

“कागद फाडतात. माणूस फाडल्याचं अजून ऐकलं नाही,” असं म्हणून बाई उठल्या.

पावणेचारला त्यांनी तोफसाहेबांच्या खोलीचं दार ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं, आणि सरळ आत गेल्या.

तोफसाहेब खिडकीशी बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत धरलेली. मांडीवर एक राखाडी स्वेटर होता. त्याच्या कोपरात जुना बल्ब घालून लोकर ताणून धरली होती, आणि तिच्यावर सुई एक धागा वर, एक धागा खाली अशी सावकाश चालली होती. बाईंना बघताच त्यांनी स्वेटर ड्रॉवरमध्ये कोंबला. बल्ब निसटला आणि टेबलावरून गडगडत बाईंच्या पुढ्यात येऊन थांबला.

“बल्ब गेलाय. बदलत होतो,” तोफसाहेब म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. छताला ट्यूबलाइट होती, आणि ती चालू होती.

“दाखवा तो स्वेटर,” त्या म्हणाल्या. कारकुनाने असं बोलायचं नसतं, पण घड्याळ पुढे सरकत होतं.

स्वेटर ड्रॉवरमधून बाहेर आला. बाईंनी बाही उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. “भोक कुठे होतं?”

“शोधा ना,” तोफसाहेब म्हणाले, आणि मनात नसतानाही त्यांच्या आवाजात ऐट आलीच. “सापडलं तर नाव बदलीन. ड्रायव्हरचा आहे. त्याच्याही लक्षात यायचं नाही.”

“कुठे शिकलात?”

“आईकडे. आम्ही चार भाऊ, स्वेटर एक. तिघांनी घालून घालून जाळी केली की माझ्या अंगावर यायचा.” त्यांनी चष्मा काढला. “दिवसभर फाडाफाडी झाली की हात थरथरतात, बाई. सुई धरली की थांबतात. बायको गेल्यापासून तर रोज लागते.”

“मग लिहिते, रफू करणे.”

“खबरदार! उद्या भाषणाला उभा राहिलो की समोरचे म्हणतील, आमची पँट उसवलीय, तेवढी शिवून द्या. इतक्या वर्षांचा दरारा मातीत जाईल.”

“जाईना का.”

“तुमचं काय जातंय म्हणायला!”

“माझं काय गेलंय ते तुम्हाला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या आणि न विचारता खुर्चीत बसल्या. “मास्तरांच्या वेळचं ते ‘वरीलप्रमाणे’ मी टाइप केलं होतं. कंटाळा आला म्हणून. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.”

तोफसाहेब बल्ब हातात घेऊन फिरवत राहिले.

“आणि पहिल्यांदा हसलं कोण, ते ठाऊक आहे?” अखेर ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे बाईंना माहीत नव्हतं. “मी. बारा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, मास्तर असता तर पोट धरून हसला असता. आलं हसू. मग वर बघितलं, तर गॅलरीत वहिनी. त्यानंतर त्यांच्या दारात उभं राहायची हिंमत नाही झाली माझी.”

“मलाही नाही झाली. म्हणून विचारायचं राहूनच गेलं.” बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “मास्तरांना खरा छंद कसला होता?”

“तुम्हाला माहीत नाही? अहो, पक्ष्यांचे आवाज काढायचा! अर्थसंकल्पाच्या भाषणात मध्येच चिमणी चिवचिवायची आणि शिपाई खिडक्या तपासत फिरायचे. सभापतींनी झरोक्यांना जाळ्या बसवून घेतल्या, तरी आत कावळा ओरडला. आणि हा शेजारी गंभीर चेहऱ्याने आकडे उतरवून घेतोय!” तोफसाहेब हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

बाई लिहीत होत्या. “पुस्तिकेच्या शेवटी शुद्धिपत्र असतं. आधीच्या आवृत्त्यांतल्या चुका तिथे दुरुस्त करता येतात.”

“पंधरा वर्षांपूर्वीच्या?”

“नियमात मुदत लिहिलेली नाही. बघून ठेवलंय मी.”

तोफसाहेबांनी हात पुढे केला. फाइल ओढून घेतली आणि आपल्या पानावर, छंदापुढच्या रिकाम्या जागेत, स्वतः लिहिलं : रफू करणे. खाली झोकात सही ठोकली.

“मास्तरचं छापणार असाल तर माझंही छापा,” ते म्हणाले. “कुणाला हसायचंच असेल तर मला हसतील. त्याच्याकडे लक्ष जायचं नाही कुणाचं.”

साडेचारला फाइल छापखान्यात पोचली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोघं मास्तरांच्या घराच्या पायऱ्या चढले. खाली गाडीपाशी ड्रायव्हर राखाडी स्वेटर घालून उभा होता. घंटीवर बोट ठेवायचं धाडस तोफसाहेबांना होईना, तेव्हा बाईंनीच ती वाजवली.

वहिनी आता पार थकल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, पुस्तिकेचं शेवटचं पान जवळ धरलं आणि ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचलं : “छंद या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ याऐवजी ‘सर्व पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणे’ असे वाचावे.” मग पुन्हा एकदा वाचलं, मनात.

“ते माझ्या हातून झालं होतं,” परिचयबाई म्हणाल्या.

“आणि हसलो मी होतो, वहिनी,” तोफसाहेब म्हणाले.

वहिनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बोट अजून त्याच ओळीवर होतं.

“सर्व नाही हो,” त्या म्हणाल्या. “घुबड काही त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. महिनाभर गच्चीत बसून प्रयत्न चालला होता. शेवटी खालच्या मजल्यावरचे विचारायला आले, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.”

आणि त्या हसल्या. या खेपेला कशाला हसतोय ते त्यांना ठाऊक होतं.

परिचयबाईंनी पर्समधून पेन काढलं. पुस्तिका मांडीवर घेतली, आणि ‘सर्व’ या शब्दाच्या आधी, बारीक सरळ अक्षरात लिहिलं : घुबड वगळता.