पाचटात पडलेला डबा

रहिमतपूरच्या शाळेतून हवामानाचा फुगा सकाळी सुटणार होता, कारण तेव्हा वारं पडलेलं असतं. पण प्रमुख पाहुणे हंबीरराव यांची पूजा आणि नाष्टा विज्ञानाच्या आधी येतो, त्यामुळे तो दुपारी सुटला.

फुग्याखाली थर्माकोलचा डबा होता. त्यातलं तापमान टिपणारं यंत्र नववीतल्या सृष्टीने जुळवलं होतं. फार उंच गेल्यावर थंडी वाढायची थांबते आणि हवा पुन्हा तापू लागते, असं ती वर्गात म्हणाली होती. विज्ञानाचे दिग्विजय सर म्हणाले, "मग लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला कशाला जातात गं?" वर्ग आठवडाभर हसला. आता उत्तर त्या डब्यात होतं.

हंबीररावांनी नारळ वाढवला, डब्याला हळदकुंकू लावलं. एवढ्यावर भागलं असतं. पण दृष्ट लागू नये म्हणून दिग्विजय सरांनी स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची बांधली.

"वजन वाढतंय सर," सृष्टी म्हणाली.

"श्रद्धेला वजन नसतं."

फुगा वर जाऊन फुटला, डबा हवाई छत्रीने खाली आला. आतला मोबाइल कुंडल गावचं ठिकाण दाखवू लागला. सर आणि सृष्टीला घेऊन शाळेची जीप तिकडे पळाली.

तिथे राहीबाईंचा ऊस नुकताच तुटून गेला होता. रानभर वाळलेलं पाचट, मधोमध डबा आणि बांधावर निम्मं गाव. आभाळातनं लिंबू, मिरची, कुंकू उतरलं तर करणीच म्हणायची. पाचट तर पेटवायचंच होतं. राहीबाई काड्यापेटी घेऊन उभ्या होत्या.

"आवं आजी, थांबा! आमच्या शाळेचं हाय ते," सृष्टी ओरडली.

"शाळंत ह्ये शिकवत्यात व्हय?"

सर पुढे झाले. करणी वगैरे काही नसतं, यावर ते फार छान बोलले.

"मग आणा की उचलून," राहीबाई म्हणाल्या.

सर बांधावरून उतरले आणि थांबले. "माझा विश्वास नाही हो. पण घरी आई आहे. तिला चालणार नाही."

"लय झालं. पेटवते मी."

सृष्टी पाचटात धावली. उसाच्या खोडक्यांनी पाय सोलले, पण डबा छातीशी धरून ती परत आली. गर्दी मागे सरली. सर सगळ्यांच्या मागे.

बांधावरच तिने यंत्रातलं कार्ड काढून जीपमधल्या लॅपटॉपला लावलं. तापमानाचे आकडे घसरत उणे पन्नासच्या खाली गेले. सर मान डोलवू लागले. मग, फुगा अजून वर जात असतानाच, आकडे थबकले आणि हळूहळू चढू लागले. सृष्टीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

सर म्हणाले, "बरोबर आहे. वर्गात मी हेच सांगत होतो."

"व्हय सर," सृष्टी म्हणाली, "सगळा वर्ग साक्षीला हाय."