चौपालीवरचा आडोसा

स्वरूपा मूळची पुण्याची, राहायला गाझियाबादला, आणि एचआयव्ही तपासणीच्या फिरत्या गाडीवर समुपदेशक. शहरात तिच्या गाडीला उसंत नसे. पानिपतजवळच्या या गावात मात्र तीन खेपांत मिळून सात माणसं आली होती.

"ये तो शहर की बीमारी है, बेटी. हमारे यहाँ ज़ीरो है," सरपंच संग्राम दरवेळी छाती फुगवून सांगत आणि वर आग्रहाने ताक पाजत. कागदावर त्यांचं खरंच होतं. शहराच्या रकान्यात आकडे, गावाच्या रकान्यात शून्य. तपासणीच झाली नाही तर दुसरं काय डोंबल निघणार!

ऑफिसने बजावलं होतं, आज चाळीस जण आले नाहीत तर गाव यादीतून बाद. गाडी परत यायची नाही.

बारा वाजले तरी चिटपाखरू फिरकलं नव्हतं. शहरातल्या सवयीने स्वरूपाने गाडी तळ्यापलीकडे, आडबाजूला लावली होती. लोकांना लपून येता यावं, हा हेतू.

"ताई, इकडे यायला एकच रस्ता," तंत्रज्ञ मानस म्हणाला, "आणि त्यावर अख्खं गाव हुक्का ओढत बसलंय. जो इकडे वळला त्याचं नाव गावभर झालंच ना, यार!"

स्वरूपाने कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं या कामात घालवली आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नव्हती. शहरात कोपऱ्यात लपता येतं, गावात लपायचं तर गर्दीतच.

तिने गाडी सरळ चौपालीवर, गावकऱ्यांच्या बसायच्या पारावर आणली. साखर आणि रक्तातलं लोह तपासायची किटं होतीच. बघता बघता रांग लागली. पडद्याआड ती प्रत्येकाला हळूच विचारी, "तीसरी जाँच, एचआईवी की, वो भी करूँ? आपकी मर्ज़ी." कुणी हो म्हणे, कुणी नाही. बाहेर येताना मात्र सगळ्यांच्या बोटावर सारखाच कापूस.

सरपंचांची साखर भरपूर निघाली. त्यांनीच ते मोठ्याने जाहीर केलं आणि बायकांनी त्यांना हसून हसून बेजार केलं. चारच्या सुमारास मानसने पडद्यातून डोकं घातलं. "तिसरीला बावन्न! बिल्कुल टेन्शन नाही आता."

तिसऱ्या तपासणीच्या शेवटच्या किटवर दोन रेघा उमटल्या, लागणीची खूण. पोटुशी पोरगी होती, विशीतली. स्वरूपाने मुलीचा हात धरला आणि एकेक गोष्ट नीट सांगितली. अजून पक्की तपासणी व्हायची. पण तसंच निघालं तरी औषधं आहेत, फुकट आहेत. आजच कळलं हे बरं झालं, वेळेवर घेतली तर बाळ बहुतेक निरोगीच जन्मतं. उद्या मी स्वतः तुला दवाखान्यात भेटते.

मुलगी खूप रडली. मग ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "ये गाड़ी फिर आएगी ना? घरवाले को भी लाऊँगी."

"अगले महीने, दूसरे मंगलवार को," स्वरूपा म्हणाली. "यहीं, चौपाल पर."