रविवारची धार

मी लाकूड कोरायची गोल पटाशी बोलतेय. जीभ धारदार आहे, आधीच सांगून ठेवते. राहते जबलपूरला, गढा भागातल्या एका घराच्या मागच्या पडवीत. नवी होते तेव्हा मुठीपुढे चांगली वीतभर होते, आता चार बोटं उरलेय. त्यात लाकडानं झिजवली ती फार तर बोटभर. बाकीची कुठे गेली, तेच सांगते.

माझे मालक रत्नाकर. कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावर घरीच छोटा लेथ बसवला आणि लाकडाचे वाडगे करू लागले. साधे नव्हेत हं! काठाला झाडाची साल तशीच ठेवायची. ओंडका गरगर फिरतोय, काठ वरखाली होतोय, आणि मी आत कोरत जायचं. मी जरा बोथट झाले की साल उडालीच! म्हणून मालक घडीघडी लेथ थांबवून मला दगडावर हलकेच घासायचे.

शेवटचा वाडगा जांभळाचा. सिविल लाइंसमध्ये कुणाच्या बंगल्यातलं झाड पाडलं होतं, तिथून ओंडका आणलेला. काम संपतच आलं होतं, तेवढ्यात आतून बायकोनं, अनसूयाबाईंनी हाक मारली, "अहो, चला ना आता! तिसऱ्यांदा वरण गरम करून राहिले मी!"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. धार गेली होती. तरी तसंच लावलं मला. बोटाएवढी साल टर्रकन उडाली.

"धार लावायला पाहिजे होती," दारात आलेल्या बाईंना एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले. पुढच्या मंगळवारी छातीत कळ आली. त्यातच संपले.

याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाई मला घेऊन बसतात. दगडावर नाही, ग्राइंडरच्या फिरत्या चाकावर! ठिणग्या उडतात, मी तापते, की पाण्यात बुचकळून पुन्हा चाकाला. अहो, आहे ती धार काय खरवडता? पण सांगणार कोण? मुलगी विनता भोपाळहून फोनवर ओरडते, "मम्मी, काहून घासून राहिली तिला? अब कौन चलाएगा?"

"मी घाई केली नसती तर साल उडाली नसती," बाई म्हणतात आणि फोन ठेवतात.

मागच्या महिन्यात विनतानं लेथ रिछाईच्या एका वर्कशॉपला देऊन टाकला. न्यायला आलेल्या माणसानं मलाही उचललं. देवाशपथ सांगते, मी हरखले! पुन्हा ओलं लाकूड मिळणार होतं. बाईंनी मला त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. "ये नहीं, भैया. ये मेरे पास रहेगी." आठवडाभर मी त्यांना मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले.

मग रविवार आला. घासता घासता बाई नेहमीसारख्या बोलू लागल्या. गुडघा दुखतो. वरण उरतं. गुरुवारपासून दाराची कडी कुणी वाजवली नाही. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. या घरात त्यांचं ऐकायला माझ्याशिवाय कुणीच नाही. मला फार वाईट वाटलं.

या चाकावर मी दोनेक वर्षांत मुठीपर्यंत संपेन. मग रविवारी त्या कुणापाशी बसणार?

मला आता लाकूड नको. बाई, तेवढा ग्राइंडर बंद करा. मालकांसारखं दगडावर घासा, हलक्या हातानं. तुम्ही आहात तोवर मला टिकायचंय.