मनुकांचा रस

पायलचं वागणं प्रेमिलाबाईंना पटतच नव्हतं. सुनेला बोललं की तिनं तोंड पाडावं, भांडी आपटावीत, निदान मोरीत जाऊन रडावं. ही मात्र बोलणी खाऊन पोळ्या लाटता लाटता भक्तीची गाणी म्हणायची. "बोलून बोलून मी थकली," त्या लेकाला, रोशनला, ऐकवत, "अन् ही बया गाऊन राहिली!"

महिन्याचा पहिला रविवार होता. प्रताप नगरातल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांनी प्यायचा रस वीस वर्षं प्रेमिलाबाईच करत. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, दळलेली साखर घालून मलमलीतून गाळायच्या. त्या पातेल्याला त्यांनी कोणाचा हात लागू दिला नव्हता. देवाघरी आपली जागा या रसानंच राखली आहे, असं त्यांना वाटे. तरी प्याला ओठाला लावताना दर वेळी छातीत धडधडायचं. एवढं पुरेल ना?

मंडळीत त्या पहिल्या बाकावर गीतांचं पुस्तक उघडून बसत. गाणी सगळी तोंडपाठ. अक्षर मात्र एक लागत नव्हतं. हे कोणालाच, अगदी रोशनलाही, ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी त्यांनी चमचाभर रस चाखला आणि थुंकला. खारट! पायलनं दोन दिवसांपूर्वीच सगळे डबे एकसारखे आणले होते, वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून.

"काय करून ठेवलं वं?" त्या कडाडल्या. "रसात मीठ टाकलं हिनं!"

रोशन धावत आला. पायलनं सासूच्या हातातला डबा पाहिला. ठसठशीत अक्षरात 'मीठ' लिहिलेलं होतं. मग तिनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिला उमगलं, आणि तिला उमगलं हे प्रेमिलाबाईंनाही उमगलं.

"मी नाही टाकलं, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मनुका उरल्या आहेत. सभेले दीड तास आहे. पुन्हा करू."

रोशन बायकोलाच चार शब्द सुनावून गाडी पुसायला गेला. पायलनं गॅस पेटवला आणि थोड्या वेळानं गुणगुणायला लागली.

"एवढं ऐकून गाणं सुचते काहून तुले?" प्रेमिलाबाईंचा आवाज खाली आला होता.

"पहिले मीही चांगली म्हणवून घ्यायले मरत होती, आई. मग कळलं, येशूनं मले घेतलं ते मी होती तशीच. माह्या कामासाठी नाही. आता कोणी काही म्हटलं तरी ते जात नाही."

"मोठी शहाणी!" प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि मलमलीचं फडकं शोधू लागल्या.

पायलच्या हातचा रस छान गोड झाला. सभेत पाळकसाहेब नेहमीसारखेच म्हणाले, "कोणाचा अपराध केला असेल, तर आधी समेट करा, मग प्याला घ्या." इवल्या पेल्यांचा ट्रे नेहमीसारखा आधी प्रेमिलाबाईंपुढं आला. त्यांनी हात उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला. आजचा रसही त्यांचा नव्हता. दाखवायला हातात काहीच नव्हतं, सांगायला होतं ते फक्त एक खोटं. आणि येशू तर अशा रिकाम्या हातांनाच बोलावत होता! वीस वर्षं हे ऐकून त्या दुसऱ्यांसाठी मान डोलावत होत्या. छातीतली धडधड कधी थांबली ते त्यांना कळलंच नाही.

त्यांनी ट्रे पुढं जाऊ दिला. उठल्या, पदर सावरला आणि मधल्या वाटेनं चालत रोशन आणि पायल बसले होते त्या शेवटच्या बाकाशी गेल्या. रोशन उभा राहिला. पायल घाबरली.

"मीठ मी टाकलं वं," प्रेमिलाबाई साऱ्या मंडळीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "मले वाचता येत नाही, अन् ते लपवाले तुह्यावर ढकललं. माफ कर मले. तू खरी निघाली, पोरी. माह्या घरात देवाचं तारण फुकट मिळते हे समजलेली तू एकटी होती, आजपासून दोघी झालो." पायलला रडू फुटलं. "आता रडत नको बसू, सरक तिकडं!"