मचाणाचं भाडं कुणी सांगेल का?

मी एक जुनं मचाण आहे. चार लाकडी पायांवर उभी असलेली एक छोटी खोली, तिला तीन खिडक्या, डोक्यावर पत्रा आणि चढायला शिडी, एवढाच माझा संसार. टेक्सासच्या डोंगराळ भागात, लानो गावाच्या पुढे, येश्के घराण्याच्या सहाशे एकर रानात मी नाल्याच्या वळणावर उभा आहे. मित्रांनो, माझं वय झालं. एका पायाला वाळवी लागली आहे. पण एक साधा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. माझ्यात बसून हरणाची वाट बघण्याचं भाडं नक्की किती असावं?

तुम्ही हसाल. पण जरा विचार करा. इथलं हरीण रानाच्या मालकाचं नसतं, ते सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं. शिकारीचा परवाना वेगळा, त्याचे पैसेही वेगळे. गवत मालकाच्या शेळ्या खातात. शिकारी जाताना इथली माती काही खिशात भरून नेत नाही. कित्येकदा तर हरीणही दिसत नाही, आणि तो रिकाम्या हाताने पण खुशीत घरी जातो. तरी लोक दरवर्षी रान भाड्याने घेतात आणि हजारो डॉलर मोजतात. ते कशाचे मोजतात, याचा विचार करून करून माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे.

माझा जन्म एका पाडलेल्या गोठ्याच्या फळ्यांतून झाला. मला उभं केलं ते ऑल्टन येश्के या रानमालकाने. माणूस उंच, कष्टाळू, पण मोठा मानी. त्याच्या हाताखाली त्या दिवशी हॉलिस ब्रूसार होता. हा ब्यूमाँटच्या तेलकारखान्यात नळ जोडायचं काम करणारा, पाच तास गाडी हाकत शिकारीचं रान शोधायला आलेला. दोघांनी मिळून माझी शेवटची फळी ठोकली आणि माझ्याच दारात पाय खाली सोडून बसून सौदा केला. तो मी माझ्या कानांनी ऐकला.

"वर्षाला अठराशे डॉलर," ऑल्टन म्हणाला. "तिघं या, जास्त नकोत. आणि फेब्रुवारीत दोनदा येऊन सीडरची झुडपं तोडायची. नाल्यावरचं कुंपण पुरात वाहून जातं, तेही बांधायचं. मला एकट्याला ते होत नाही."

"चालेल. पण माझ्या बायकोला कळू देऊ नकोस. पैसे देऊन वर मजुरी करतो म्हणून जन्मभर बोलेल."

"माझ्याही बायकोला सांगू नकोस. तिला वाटतं ते कुंपण मी एकटा बांधतो."

दोघंही हसले आणि त्यांनी हात मिळवले. आमच्याकडे हात मिळवला की कागदाची गरज नसते. पुढे दरवर्षी शिकारीचा मोसम संपला की हॉलिस विचारायचा, "पुढच्या वर्षी तेच?" आणि ऑल्टन म्हणायचा, "तेच." एवढ्यात सगळं येत असे, अठराशे डॉलरही आणि फेब्रुवारीही.

ती माझी सुखाची वर्षं होती. ऑक्टोबरात हॉलिस येऊन माझ्यातली लाल गांधीलमाश्यांची पोळी काढायचा, केर काढायचा, जुन्या गालिच्याचा तुकडा पसरायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मोसम उघडला की थर्मासातल्या कॉफीचा वास माझ्या फळ्यांत मुरायचा. लानो परगण्यात असलं मजबूत मचाण नाही, असं त्याचे दोन साथीदार म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात फुगायचो. नाताळाला हॉलिस ऑल्टनच्या बायकोला, वर्लीनबाईंना, हरणाच्या मांसाचं सॉसेज द्यायचा. फेब्रुवारीत मात्र हे तिघं नाल्याकाठी तंबू ठोकून राहायचे. ते रानडुकरं मारायला येतात, असं ऑल्टनने घरी सांगून ठेवलं होतं.

मग एका वसंतात ऑल्टन गेला. हॉलिसचा एक साथीदार त्याच्या आधीच गेला होता, दुसऱ्याचे गुडघे गेले होते. आता हॉलिस एकटाच उरला. ऑल्टनच्या दफनाच्या दिवशी त्याने टोपी हातात घेऊन वर्लीनबाईंना हळूच विचारलं, पुढच्या वर्षी तेच ना. बाई म्हणाल्या, तेच. नवऱ्याचा शब्द होता, तो मोडायचा कसा? पण त्या दोघांचं 'तेच' एक नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तर तोंड नाही.

हॉलिस नोव्हेंबरात शिकारीला येत राहिला, पण त्यानंतरचा फेब्रुवारी आला आणि तो आला नाही. पुढच्याही आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कुंपण वाहून गेलं ते तसंच राहिलं. शेळ्या शेजाऱ्याच्या रानात जाऊ लागल्या, काही परत आल्याच नाहीत. सीडर वाढला आणि जमिनीतलं पाणी पिऊन बसला. विहिरीचा पंप कोरडाच फिरून जळाला. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, माणसाचं काही चुकलं असेल, की माझंच ऐकण्यात काही चुकलं?

आमच्या भागात फोन लागतो तो फक्त उंचावर. म्हणून वर्लीनबाई आता शिडी चढून माझ्यात येऊन बसू लागल्या आणि आपल्या बहिणीशी, डोरीनशी, बोलू लागल्या. पंप बसवायला पैसे नव्हते. पंप नाही तर शेळ्या विकाव्या लागतील, आणि शेळ्या गेल्या की रानाचे तुकडे करून विकण्यावाचून इलाज नाही, असं त्या सांगत होत्या. एकच उत्पन्न वाढण्यासारखं होतं, ते शिकारीचं भाडं. पण ते किती मागावं हे त्यांनाही कळेना.

"अगं, पाच जणांना विचारलं, पाच भाव मिळाले," त्या म्हणाल्या. "पेंड विकणारा म्हणतो एकरी आठ डॉलर. केस कापणारीचा नवरा म्हणतो पंचवीसच्या खाली बोलूच नकोस. चर्चमधला एक म्हणतो एकरावर जाऊ नकोस, डोक्यावर लाव, बंदुकीमागे दोन हजार. मी शेवटी घरी येऊन झोपले."

ऐकून माझीही मती गुंग झाली. रानात पाणी असेल तर भाव चढतो. राहायला न्हाणीघरासकट खोली असेल तर आणखी चढतो. हरणासोबत टर्की आणि डुकरं मारायची मुभा असेल तर अजून वर. शहर जवळ असेल तरीही वर. मोठ्या शिंगांचा नर तिथे कुणी मारला असेल आणि त्याचा फोटो असेल, तर मग विचारूच नका. आणि मचाण जुनं असेल तर? तर म्हणे भाव उतरतो! म्हणजे मी इतकी वर्षं उन्हातान्हात उभं राहून मालकाचं नुकसान करत होतो की काय? व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, इथे तर तोंडं तितके भाव होते.

"हॉलिस एकरी तीन डॉलर देतो," बाई पुढे म्हणाल्या. "ऑल्टन गेल्यापासून पडलेलं कुंपण बघून जातो आणि हात लावत नाही. लाज कशी वाटत नाही गं?"

मित्रांनो, त्या वेळी मला फार वाईट वाटलं. सांगावंसं वाटलं, पण माझ्या फळ्या नुसत्या करकरल्या. बाईंना वाटलं वारा आला.

सप्टेंबरात ऑस्टिनहून ट्रेंट मेहॉल नावाचा एक गृहस्थ आला. चकचकीत बूट, बोलायला गोड. त्याने सगळं रान फिरून पाहिलं, पाणी पाहिलं, माझ्या वाळवी लागलेल्या पायावर बुटाचं टोक आपटलं. एकरी पंधरा, म्हणजे नऊ हजार देईन, म्हणाला. हे खोकं मात्र पाडून टाकू, आमची फायबरची मचाणं आहेत, गादीच्या खुर्च्या आणि सरकत्या काचांची. बाईंनी विचार करून कळवते म्हणून सांगितलं. मी त्या रात्रीपासून वाऱ्याचीही धास्ती घेऊ लागलो.

ऑक्टोबरात एका दुपारी बाई मेहॉलला होकार कळवायला शिडी चढून वर आल्या. आत बघतात तर हॉलिस झाडू घेऊन गांधीलमाश्यांचं पोळं पाडतोय.

"बरं झालं भेटलात," बाई म्हणाल्या. "तोंडावरच सांगते. रान मी दुसऱ्याला देतेय. नऊ हजाराला."

हॉलिस उलट्या बादलीवर बसला. चेहरा उतरला, पण तो भांडला नाही. भाव रास्त आहे, म्हणाला. मीच आपणहून वाढवायला हवा होता, पण पेन्शनीत तेवढं बसत नाही.

"पैशांचं मला लागलं नाही, हॉलिस. कुंपणाचं लागलं. माझा नवरा एकटा बांधायचा ते. तुम्ही तीन वर्षं नुसतं बघता."

हॉलिस बराच वेळ झाडूच्या काड्या मोडत बसला. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द मोडायचा की जिवंत माणसाच्या मनातून उतरायचं, अशा कात्रीत तो सापडला होता. शेवटी बोलला.

"बाई, ते कुंपण ऑल्टनने एकट्याने कधीच बांधलं नाही. आम्ही तिघं बांधायचो. तो भाड्याचाच भाग होता."

"काहीतरीच. फेब्रुवारीत तुम्ही डुकरं मारायला यायचात."

"एवढ्या वर्षांत आमचं एक तरी डुक्कर तुमच्या स्वयंपाकघरात आलं का?"

बाई आठवत राहिल्या. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "एकही नाही," त्या म्हणाल्या. "मेला खोटारडा. मी त्याच्या पाठीला रोज तेल चोळायचे." मग गंभीर झाल्या. "पण मग तो गेल्यावर तुम्ही का आला नाहीत?"

"घरात पुरुष नाही. नाल्यावर तंबू ठोकला असता तर गाव काय म्हणालं असतं? वाटलं, तुम्ही बोलवाल तेव्हा येऊ."

"मला माहीतच नव्हतं, तर बोलवणार काय कपाळ?"

मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण मिटलं कुठे? पंप जळालेलाच होता, आणि हॉलिसकडे नऊ हजार नव्हते. बाईंनी मेहॉलला फोन लावला. मेहॉलचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. रान तुम्हाला दिलं, त्या म्हणाल्या, पण नाल्याच्या वळणाचा कोपरा आणि हे मचाण त्यात नाही. पलीकडून तो म्हणाला, तोच तर खरा कोपरा आहे, तो नसेल तर दोन हजार कमी. हॉलिस हाताने नको नको करत होता.

"करा कमी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उरलेल्या पैशांत पंप बसत होता, कुंपणाची तार बसत नव्हती. तार मी आणतो, हॉलिस म्हणाला. कोपऱ्याचं भाडं किती, असंही त्याने विचारलं. फेब्रुवारी, बाई म्हणाल्या.

तर मित्रांनो, माझा भाव अखेर निघाला, दोन हजार डॉलर. पण तो माझा आहे, की नाल्याच्या पाण्याचा, की इतक्या वर्षांच्या तोडलेल्या सीडरचा, की ऑल्टनच्या थापेचा, हे मला आजही कळलेलं नाही. जो भाड्याने घेणार होता त्याने तो भाव लावला, आणि जिने मला दिलं नाही तिने तो भरला. हा कुठला हिशोब?

फेब्रुवारीत हॉलिस आला, एकटाच, पांढऱ्या भुवयांचा, करवत घेऊन. बाई हातमोजे घालून नाल्यात उतरल्या. संध्याकाळी त्या माझ्याकडे चढून आल्या तेव्हा हात ओरबाडलेले होते, आणि वर पोचताच बहिणीचा फोन आला. डोरीन म्हणाली असावी की शाबास, एकटीने कुंपण बांधलंस.

"छे गं," बाई म्हणाल्या. "हॉलिसने बांधलं. मी तार धरली. आणि ऑल्टननेही आयुष्यभर तारच धरली, आता सगळ्यांना सांगत सुट."

मित्रांनो, माझा पाय कधी साथ सोडेल सांगता येत नाही. तुम्ही कुणाचं भाडं ठरवायला बसाल तेव्हा आधी एवढं विचारा, की आजवर इथे कुणी काय केलं. आणि तुमचं कुंपण ज्याने बांधलं, त्याचं नाव घरी सांगा, तुम्ही जिवंत असतानाच.