साधी पट्टी

पायल गुडघ्यांवर बसली आणि काँक्रीटच्या साध्या पट्टीवरून नख फिरवत गेली. नख कुठेच अडकलं नाही. तिने पुन्हा फिरवलं, जरा दाबून. इथे तडा हवा होता!

जानेफळातल्या त्यांच्या अंगणात या दोन लांब पट्ट्या महिन्यापूर्वी बाबांनीच, प्रेमानंद मिस्त्रींनी, ओतल्या होत्या. वाळू, गिट्टी, सळई, सगळं सारखं. फक्त एकीत साधं सिमेंट, दुसरीत फुगणारं. साधं काँक्रीट वाळताना आकसतं आणि तडकतं. दुसरं आधी जरासं फुगून घेतं, म्हणून मागून आकसलं तरी शाबूत राहतं. हे पायलनेच पुस्तकातून शोधून काढलं होतं. बाबांनी ओतलेली बुद्धविहाराची फरशी तडकल्यापासून गावात एकच बोलणं होतं, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. पुरेपूर सिमेंट घालूनही साधी पट्टी तडकली असती, तर बाबा त्या आळातून सुटले असते.

विहार समितीचे गुलाबराव काठी टेकून वाकले.

"दोन्ही साबूत हायेत. मंग आपली फरशी काऊन फुटली, पोरी?"

बाबा स्वच्छ असलेली थापी पुसत राहिले.

तेवढ्यात आई बादली घेऊन आली आणि साध्या पट्टीवर पाणी शिंपडू लागली.

"आई वं! आठवड्यानं पाणी बंद कराचं ठरलं होतं ना!"

"तू घरी नसते तवा रोज देते मी पाणी. त्या महागाच्या सिमिटले काय होते? हे बिचारी साधी. तुह्या बाबाच्या हातचं काम उन्हात तडकू देऊ काय मी?"

"अवं, तडकूच द्याचं होतं!"

आईचा हात हवेतच थांबला.

गुलाबराव सरळ झाले. त्यांनी काठीच्या टोकाने ती ओली पट्टी ठोकून पाहिली.

"प्रेमानंद, विहारात पाणी कवापर्यंत मारलं होतं?"

"जयंतीचा मांडव टाकला तवापर्यंत, आबा." बाबांनी मान वर केली नाही.

फरशी ओतून दोनच दिवस झाले होते तेव्हा. 'पाणी बंद कर, खुर्च्या मांडाच्या हायेत,' असं गुलाबरावच म्हणाले होते. पायल तेव्हा तिथेच उभी होती.

गुलाबरावांनी काठी भिंतीला लावली. आईच्या हातातली बादली घेतली आणि उरलेलं पाणी साध्या पट्टीवर हळूहळू, पार कडेपर्यंत ओतलं. मग रिकामी बादली पायलपुढे धरली.

"अजून एक भरून आन."