बोगद्यातलं वळण

बोगद्याच्या कामावर प्रत्येकाला दोन नावं होती, एक पगारपत्रकातलं आणि एक खरं. पूर्वेच्या तोंडाकडून डोंगरात शिरणाऱ्या सर्व्हेअरला मजूर घाईराव म्हणत, कारण त्यांना जेवतानाही लगीनघाई असायची. मग पश्चिमेकडून येणाऱ्या सर्व्हेअरचं नाव सावकाशराव पडायला वेळ लागला नाही. दोघं एका खोलीत राहून शिकलेले जिवलग दोस्त, आणि आता मध्ये नऊ किलोमीटर दगड. रोज संध्याकाळी फोनवर पाच मिनिटं आकडे सांगायचे आणि तासभर एकमेकांची टिंगल करायचे.

अकरा वर्षं खोदाई चालली आणि खर्च अंदाजाच्या तिप्पट झाला. वर्तमानपत्रांनी ‘डोंगर पोखरून उंदीर’ ही म्हण इतकी वापरली, की शेवटी मजूरच बोगद्याला उंदीर म्हणायला लागले. ‘उंदरात चाललोय’ असं घरी सांगून माणसं पाळीला जायची. सतरा जण परत आले नाहीत. त्यांची नावं घाईराव आज त्र्याहत्तराव्या वर्षीही न अडखळता म्हणतात. ओल्या दगडाचा, सुरुंगाच्या धुराचा वास आठवला की त्यांचे डोळे भरून येतात, कारण त्या अकरा वर्षांइतकं सुख त्यांना पुन्हा लाभलं नाही.

आणि त्या सुखातच त्यांनी एक पाप करून ठेवलं होतं.

डोंगराच्या पोटात दिशा धरणं हे सगळ्यात नाजूक काम. त्यासाठी महिन्यातून एक रविवार खोदाई थांबायची, हवेचे पंखे बंद व्हायचे, आणि सर्व्हेअरने चार तास नुसतं बसायचं. आतली हवा निवली की मगच दुर्बिणीला डोळा लावून लांबच्या दिव्यावर रेषा धरायची. हवा निवण्याआधी बघितलं तर प्रकाश वाकतो आणि दिवा भलतीकडेच दिसतो. सावकाशराव चार तास मांडी घालून बसत, घाईरावांना ते चार जन्म वाटत.

अशाच एका रविवारी घाईरावांना निरोप आला, की बायकोला दवाखान्यात हलवलंय. त्यांनी पाऊण तासात दिवा बघितला, वहीत ‘चार तास’ लिहिलं आणि धूम ठोकली. रात्री मुलगी झाली. पुढच्या महिन्यात परत मोजू, असं त्यांनी ठरवलं होतं, पण पुढच्या महिन्यात ते त्याच खुणेवरून पुढे गेले.

चार वर्षांनी मधला शेवटचा दगड फुटला, तेव्हा पलीकडचे कंदील समोर नव्हते. ते दोन हात डावीकडे होते.

चौकशीत दोन्ही वह्या निर्दोष निघाल्या. सगळं पुन्हा मोजायचं तर महिनाभर काम बंद, आणि उद्घाटनाच्या पत्रिका छापून झालेल्या. तेव्हा सावकाशराव उभे राहिले आणि म्हणाले, की एकदा माझे डोळे आले होते, चूक माझीच असू शकते. ज्याची वही खरोखर निर्दोष, शंका त्यालाच आली. साहेबलोकांना तेवढंच हवं होतं. घाईराव शेजारी मूग गिळून बसले.

बोगद्याच्या मध्यावर वळण घालून दोन्ही तोंडं जुळवली. पुढे अडतीस वर्षं प्रत्येक गाडी तिथे ताशी तीसवर यायची, आणि ती बाहेर पडली की पंखे वीस मिनिटं धूर काढत बसायचे. सावकाशरावांनी नोकरी सोडून वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकलं. दुर्बिणीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. दोस्ती तुटली नाही, हे घाईरावांना जास्त जड जायचं. तीनदा ते सांगायला म्हणून गेले आणि चहा पिऊन परत आले. गेल्या वर्षी सावकाशरावांची बायको वारली, तेव्हाही ते तासभर गप्प बसून आले.

आता डोंगराच्या पायथ्याने नवा बोगदा झाला होता आणि जुना बंद होणार होता. शेवटच्या गाडीला जुन्या माणसांना बोलावणं आलं. घाईरावांनी मनाशी पक्कं केलं, की आज सांगितलं नाही तर हे मसणातच जाणार. लेक सोबत होती, तिच्यादेखत बोलायचं होतं, म्हणून जीभ आणखी जड झाली होती. सावकाशराव समोरच्या बाकावर बसून तिची चौकशी करत होते.

गाडी आत शिरली. डब्यात दिवे लागले, म्हातारे एकदम बोलायला लागले, कोण कुठे जेवायचं, कुणाची टोपी कुठे पडली. सातव्या मिनिटाला गाडीचा वेग उतरला आणि डबा किंचित कलला. सावकाशराव लेकीकडे बघून ओशाळं हसले.

“हे माझं वळण बरं का. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो.”

“तुझं नाही ते,” घाईराव म्हणाले. “माझं आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्याचा निरोप, पाऊण तास, वहीतला खोटा शब्द. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या वाढदिवसाची तारीख त्या वहीत होती.

सावकाशरावांनी मध्येच आवाज चढवला नाही. सर्व्हेअर विचारतो तसं त्यांनी विचारलं, “दिवा हलताना दिसत होता?”

“दिसत होता.”

“तरी घेतलंस?”

“घेतलं.”

सावकाशराव खिडकीबाहेरच्या भिंतीकडे वळले. शिव्या आल्या असत्या तर घाईरावांना बरं वाटलं असतं.

“म्हणजे माझी रेषा बरोबर होती,” सावकाशराव म्हणाले. “आमची ही मला रोज समजवायची रे. चुकतो माणूस, मी नाही तुम्हाला बोल लावत, म्हणायची. दुकानाच्या तुटपुंज्या कमाईत तिने संसार केला आणि एकदाही टोमणा मारला नाही. जातानासुद्धा माझा हात धरून म्हणाली, ते वळण आता मनातून काढा.”

घाईरावांनी हात जोडले. सावकाशरावांनी ते हलकेच खाली केले.

“मला आज सांगितलंस, ठीक आहे,” ते म्हणाले. “पण तिला कोण सांगणार? मागच्या वर्षी, ती असताना सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”

गाडी उजेडात आली. सगळा डबा टाळ्या वाजवत दाराकडे सरकला. लेकीने उठून आपली जागा बदलली आणि सावकाशकाकांच्या शेजारी जाऊन बसली.